शेपटीवाल्या तारखा आणि अण्णांचे हजार चंद्र

...नाही, पण मला एक सांगा, तारखेला कधी शेपूट असतं का हो? पाच मार्च म्हणजे पाच मार्च! कॅलेंडरच्या चौकोनात गुपचूप बसलेली असते बिचारी, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण बास्क भाषेत? अहो, तिथे आधी वर्ष येतं, त्याला एक शेपूट, मग महिना, त्याला दुसरं, आणि शेवटी तारीख, तिला तिसरं! 'पाचला' म्हणायचं तर एक शेपूट, 'पाचपासून'ला दुसरं, 'पाचपर्यंत'ला तिसरं, सगळं थेट आकड्यालाच डकवलेलं, आणि दहाचं शेपूट अकराला चालत नाही. का? तर म्हणे उच्चार वेगळा! म्हणजे आता भाषांतर करणाऱ्या मशीननं आधी आकडा मनातल्या मनात वाचून बघायचा, मग शेपूट लावायचं... आणि एकतीस म्हणजे त्यांच्यात वीस आणि अकरा! साताऱ्याच्या मंडईतले म्हातारे विसाविसानं आंबे मोजतायत असं वाटतं.

तर हे बास्क लोक राहतात स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर, मी राहतो सिंगापुरात बुकित पंजांगला, आमचं भाषांतराच्या सॉफ्टवेअरचं ऑफिस पाया लेबारला, मग आमची गाठ पडलीच कशी? तर आमच्या मॅनेजर, मिस तान. तुम्हाला सांगतो, बाई मनानं सोनं आहे, पण एक दिवस कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप घेऊन माझ्या डेस्कशी आल्या आणि शेवटी सिंगापुरी 'लाह'चं शेपूट लावत म्हणाल्या, "सारंग, युवर मराठी ऑल्सो गॉट मेनी एंडिंग्ज, राइट? यू टेक बास्क. ग्रामर ऑलरेडी ओके, डेट ओन्ली लाह!"

डेट ओन्ली लाह! ऐकलंत? जसं काही कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायचीय!

आणि ग्रामर तरी कुठे ओके होतं? आपल्यात राम आंबा खातो तेव्हा नुसता राम असतो, खाल्ला की 'रामानं' होतो. त्यांच्या रामाला तो 'नं' कायमचा! खातोय तरी 'नं', खाणार असला तरी 'नं'. घरी गेला की मग सुटतो. मी कधी सुटणार? रोज संध्याकाळी बास्कांच्या बिल्बाओ शहरातून क्लायंटच्या इत्सियारबाई व्हिडिओवर यायच्या, गोड हसायच्या आणि म्हणायच्या, "व्हेरी नाइस, सारंग... बट राँग." रोज! मी एलआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या शेपटं पाठ करायचो, शेजारचा माणूस सरकून उभा राहायचा.

आणि या सगळ्यात अण्णांचा फोन. अण्णा म्हणजे माझे वडील, साताऱ्याला असतात, यंदा एक्क्याऐंशीत. म्हणाले, "सहस्रचंद्रदर्शन ठरलंय, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळणार आहेत. तू एकुलता एक, शेजारी बसायला तूच पाहिजेस." मी म्हटलं, "अण्णा, येणार म्हणजे येणार!" अहो, हजार पौर्णिमा बघितल्या माणसानं, मुलगा एक दिवस येऊ शकत नाही?

आता पंचमीची तारीख काढायची. घरी जाऊन पंचांग बघावं, प्रणिताला, म्हणजे आमच्या सौंना, विचारावं... छे! मी दिवसभर तारखांचे नियम लिहिणारा माणूस! ऑफिसातच बसून नियम लावला. गेल्या वर्षी ही पंचमी पंचवीस नोव्हेंबरला होती, तिथी दर वर्षी अकरा दिवस मागे येते, पंचवीसातून अकरा गेले, चौदा नोव्हेंबर. झालं! डेट ओन्ली लाह! रजा टाकली, विमानाची तिकिटं काढली, रद्द न होणारी, स्वस्तातली. अडचण एकच होती, क्लायंटचा डेमो नेमका त्याच आठवड्यात. मिस तानच्या हातापाया पडलो, वडील, हजार चंद्र, एकुलता एक, सगळं सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले हो! म्हणाल्या, "ओके, आय पुश वन मंथ. यू चूज द डेट." मी छाती काढून म्हटलं, चौदा डिसेंबर.

घरी येऊन तिकिटं दाखवली. प्रणितानं तिकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकदम शांतपणे विचारलं, "जूनमध्ये माझ्या आईनं तुला काय पाठवलं होतं?"

"अनारसे."

"किती?"

"तेहतीस."

"कशाबद्दल?"

"जावई म्हणून... अधिक महि..."

अधिक महिना! यंदा अख्खा एक महिना जास्तीचा आला होता, त्याचं वाण म्हणून तेहतीस अनारसे मी एकट्यानं, ऑफिसात कुणाला वास न लागू देता खाल्ले होते, आणि हिशेब करताना महिनाच विसरलो! तिथी मागे गेली नव्हती, पुढे सरकली होती. पंचमी होती चौदा डिसेंबरला. मीच छाती काढून निवडलेली तारीख!

मिस तानकडे गेलो. त्या म्हणाल्या, "यू चूज वन, राइट? क्लायंट फ्लाइट ऑलरेडी बुक लेह." अण्णांना फोन केला, म्हटलं, कार्यक्रम महिनाभर अलीकडे नाही का घेता येणार? अण्णा म्हणाले, "चंद्राला विचारून बघतो."

नोव्हेंबरात गेलो हो मी, तिकिटं होती ना! चार दिवस अण्णांबरोबर बसून उरलेल्या दिवाळीच्या चकल्या खाल्ल्या. निघताना त्यांनी पाठीवरून हात फिरवला, म्हणाले, "असू दे रे." रागावले असते तर बरं झालं असतं. ते 'असू दे' अजून टोचतं.

आणि मग चौदा डिसेंबर. पाया लेबार, काचेची खोली, इत्सियारबाई समोर साक्षात. म्हणाल्या, तुमच्या मनातलं कुठलंही वाक्य टाका, तारीख असलेलं. माझ्या मनात त्या क्षणी दुसरं काय असणार? मी टाइप केलं: 'आज चौदा डिसेंबरला साताऱ्यात माझ्या वडिलांना एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळत आहेत आणि त्यांच्या शेजारी मी बसायचं आहे.' बटण दाबलं. आलं बास्क भाषेत, सर्रकन! महिना, तारीख, दोन्ही शेपटं जागच्या जागी. मिस तान टाळ्या वाजवायला लागल्या.

इत्सियारबाईंनी दोनदा वाचलं. "परफेक्ट," म्हणाल्या, चार महिन्यांत पहिल्यांदा! मग चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पण मग तू इथे काय करतोयस?"

मी म्हटलं, "टेस्टिंग."