वनशीबायच्या मडगार्डाचे टाके

मी रूपजी, रानशेतचा. बाप तारपा बनवायचा. तारपा म्हणजे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य, ते दुधीच्या वाळलेल्या तुंब्याचं असतं, आणि तुंबा वाळताना तडकला तरी बाप फेकायचा नाय, भेग जिथं संपते तिथं एक बारीक भोक पाडायचा, म्हणजे ती पुढं पळत नाय, मग दोन्ही बाजूंनी टाके घालायचा आणि वरून मेण भरायचा. मी बाजूला बसून बघायचो. पुढं चारोटी नाक्यावर सायकलचं दुकान टाकलं, दुकान म्हणजे काय, चार बांबू आणि वर पत्रा, पण त्याच्यावरच घर चाललं.

तुमी विचारता राग कशाचा, तर सांगतो. वनशीबाय माझी मोठी बहीण, वेवजी गावात दिलेली, तिथं अंगणवाडीत सेविका. तिची लाल लेडीज सायकल, जुनी, मागंपुढं पांढरं प्लास्टिकचं मडगार्ड, तसलं आता कुठं मिळत नाय. कॅरेजला वजनकाटा बांधून ती पाड्यापाड्यात पोरांची वजनं घेत फिरायची. एकदा जीपच्या टपावरून उतरवताना सायकल पडली आणि पुढचं मडगार्ड वीतभर तडकलं. बायनं ती माझ्याकडं आणून सोडली, बोलली रूपा, पावसाच्या आधी दे, चिखल उडून साडी भरते. मी बोललो आठ दिवसांत देतो.

काय सांगू तुमाला, हायवेचं गिऱ्हाईक समोर उभं असलं की घरचं काम मागं पडतं. आज करू, उद्या करू, एक पाऊस गेला, दुसरा गेला. मधे तिला माझी जेन्ट्स सायकल दिली, तर साडीत दांड्यावरून पाय जात नाय म्हणून तिनं परत पाठवली. बाय चालत फिरायची, गुडघे सुजायचे तिचे, आणि भेटली की फक्त विचारायची, झाली काय रे. मी बोलायचो, होईल.

मग एक दिवस मी कासाच्या बाजाराला गेलो, दुकानावर धाकटा भाऊ देवजी. एक शेठ आला, डहाणूला समुद्राकडं त्याचं रिसॉर्ट, जुन्या सायकली गोळा करून फाटकावर टांगतो, पाहुणे फोटो काढतात. देवजीनं बायची सायकल त्याला विकून टाकली. बोलला, भंगारात पडलेली, मला वाटलं नको हाय. माझ्या हातात पाना होता, तो मी त्याच्यावर फेकला नाय एवढंच. बोललो, आपल्या बहिणीची सायकल ओळखता येत नाय तुला? तर उलट मलाच बोलला, तुला ओळखता येत होती ना, मग दोन वर्षं धूळ का खात होती. जास्त राग याचा आला, की तो खोटं बोलत नव्हता.

शेठकडं गेलो, हात जोडले. बोलला, विकलेली वस्तू परत मागतात काय, आणि रखवालदाराला सांगून मला बाहेर काढलं. महिन्याभरानं तोच शेठ गाडीतून सायकल घेऊन माझ्या दुकानावर आला. टांगताना भेग वाढलेली. मला ओळखलंसुद्धा नाय त्यानं. बोलला, असं जोडून दे की कळता कामा नये, ओरिजिनल दिसलं पाहिजे.

मी बसलो. भेगेच्या टोकाला तापवलेल्या छत्रीच्या काडीनं भोक पाडलं, मग दोन्ही बाजूंनी भोकं, जळक्या मोटारीची तांब्याची तार काढून टाके घातले, आणि मेणाच्या जागी त्याच मडगार्डाच्या खालच्या कडेचा तुकडा वितळवून भरला. दुसरं प्लास्टिक धरत नाय. बोटांना चटके बसले. खोटं कशाला बोलू, आतून पट्टी लावून वर रंग मारून भेग लपवता आली असती, पण ती चालवायला टिकत नाय. आणि मी चालवायचीच सायकल बनवत होतो, शेठ काय पण बोलो. जेवढा राग होता तेवढा टाक्यांत ओढला. अकरा टाके, रस्त्यावरून दिसतील असे.

शेठ आला आणि भडकला. बोलला, हे काय फाटकी चप्पल शिवल्यासारखं केलंस, माझ्या फाटकावर शोभेल काय ही? माझ्या बापाच्या कामाला चप्पल बोलला. मी बोललो, शेठ, ती टांगायची नाय, बसायची हाय. बोलला, मग तूच बस, मला दुसरी दे. बायनं परत पाठवलेली जेन्ट्स तिथंच उभी होती, गंजलेली, पत्र्याच्या मडगार्डाची. तिच्यावर हात फिरवत शेठ खूश होऊन घेऊन गेला.

मी दुकान बंद केलं आणि लाल सायकल चालवत वेवजीला गेलो. बाय अंगणवाडीच्या पायरीवर बसलेली. बोललो, झाली. तिनं चष्मा लावला, टाक्यांवरून एकेक करून बोट नेलं. मला वाटलं, आता बापाचं नाव काढेल.

ती बोलली, "अकरा टाके. एवढ्यासाठी मला दोन वर्षं चालवलंस, रूपा."

शेठवर ओरडता येतं, देवजीवर ओरडता येतं. आता बाय तीच सायकल चालवते, मडगार्डाला काय झालं नाय. पण ब्रेक ढिला झाला की माझ्याकडं आणत नाय, तलासरीला दुसऱ्याकडं नेते. नेऊ दे. तिचे गुडघे बरे राहू देत.