हॅपी की सॅड?

चाल बांधणं सोपं असतं गं, पण तिच्याखाली कॉर्ड्स, म्हणजे गिटारचे एकत्र वाजणारे साथीचे सूर, लावायला गेलं की काय होतं ते मला होणाऱ्या जावयाने दाखवलं. मीराच्या लग्नात गायला मी एक गाणं केलं होतं. आपलं गाणं म्हणजे तानपुरा सुरू केला की झालं. पण टॉम म्हणाला, "आई, मी गिटारवर साथ करतो," आणि लंडनमध्ये हाउन्सलोला आमच्या फ्रंट रूममध्ये येऊन बसला.

मी गायले, त्याने वाजवलं. अगदी वरात निघाल्यासारखं वाटलं.

"आता वेगळ्या कॉर्ड्स देतो. तुम्ही तेच गा."

मी तेच गायले, एक सूर इकडचा तिकडे नाही, आणि गाता गाता डोळे पुसायला लागले.

"दोन्ही बसतंय," तो म्हणाला. "तुमच्या मनात कुठलं होतं? हॅपी की सॅड?"

"अरे, माझ्या मनात फक्त चाल होती!"

चाल माझीच, आणि ती हसते की रडते हे मलाच सांगता येईना. शेवटी पुण्याला आईला फोन लावून दोन्ही ऐकवलं.

"दोन्ही गाणी छान आहेत," आई म्हणाली.

"आई, गाणं एकच आहे गं!"

"असेल. पहिलं लग्नात म्हण. दुसरं मीरा लग्नानंतर नॉटिंगहॅमला राहायला गेली की म्हण."

टॉमला मराठी कळत नाही, आमचं सगळं इंग्रजीतच चालतं. "आजी काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "हॅपी वाजव."