पाटी कुणी लावली?

—आणि घराखाली साप आहे. एक नाही, अख्खं कुटुंब आहे. मिस वर्नानं सांगितलं नसेल. ती कशाला सांगेल, तिला घर विकायचंय! बसा हो बाई, किल्ली माझ्याकडेच आहे, पळून जात नाही. शेंगा घ्या. उकडलेल्या आहेत—असं तोंड करू नका, तुमच्या ओहायोत भाजून खात असतील, गाडीची नंबरप्लेट बघूनच मी म्हटलं, या बाईला अलाबामात बरंच शिकावं लागणार. तर साप. शिवाय पाऊस आला की न्हाणीघरात—काय? पाइप नवे दिसतात? दिसतात हो. मीसुद्धा भला माणूस दिसतो.

घर कोचचं, म्हणजे मिस वर्नाच्या नवऱ्याचं—आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात. मुख्य कोचचं नव्हे—मुख्य कोच टेकडीवर राहतात, अंगणात पोहायचा तलाव असतो त्यांच्या. हा आमचा सहायक कोच, डेंटन रॉल्स. आधी इथल्याच कॉलेजकडून खेळायचा, बचावफळीत, अगदी मधोमध. फुटबॉल डोक्याचा खेळ आहे असं कुणीतरी सांगितलं आणि या गड्यानं ते खरंच मानलं—समोरून कुणी चेंडू काखेत मारून धावत आला की हा हेल्मेट खाली घालून सुटलाच! काय आवाज यायचा, बाई, शेवटच्या रांगेत हातातला पेला हलायचा. एकदा असाच आदळला, पडला, उठला, आणि थेट समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला, त्यांचा पुढचा डाव ऐकायला! अख्खं स्टेडियम हसलं. मी तर बाकावरून खाली पडलो हसताहसता. हा किस्सा सांगून मी कित्येक वर्षं फुकट बिअर प्यायलो. आता नाही सांगत. आत्ता कसा निघाला तोंडातून—असो. शेंगा घ्या ना.

मोठ्या लीगनं काही बोलावलं नाही. मग कॉलेजनंच ठेवून घेतला, सहायक म्हणून. इथं कसं असतं, संघ हरला की मुख्य कोचला हाकलतात, आणि त्याच्याबरोबर त्याची सगळी माणसं ट्रकात सामान भरून दुसऱ्या गावी. डेंटन मात्र इथलाच. प्रत्येक नव्या मुख्य कोचनं त्याला ठेवून घेतला—घरात शिरल्यावर आधीच्यांचं जड कपाट सापडतं ना, हलवायचा कंटाळा येतो, तसा. मुख्य कधी झाला नाही. कुणी विचारलंही नाही. आणि आमच्या गावाची एक खोड आहे—म्हणजे रीतच म्हणा—घरच्या मैदानावर हरलो की लोक मुख्य कोचच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ची पाटी रोवून येतात. चालता हो, असा निरोप. सहायकाच्या अंगणात कोण रोवणार? त्याला शिव्यासुद्धा कुणी देईना! मला वाईट वाटलं. शेजारी ना मी. मग फळकूट घेतलं, रंग घेतला, आणि ठोकली पाटी त्याच्या गुलाबांत. तीन शब्द लिहायचे, त्यात मी चार चुका केल्या. सकाळी हा दारात उभा, पोट धरून हसतोय—‘हर्शेल, लेका, आता मी खरा कोच झालो रे!’ दुसऱ्या पराभवाला तीच पाटी माझ्या टोमॅटोंत. मग पुन्हा त्याच्याकडे. हरायला मजा यायला लागली आम्हाला, बाई. मिस वर्ना म्हणायची, ‘दोघांची मिळून एक अक्कल, तीही फळकुटाची.’

मग तो पोरांना जुनेच डाव सांगायला लागला. सरावाला निघाला की माझ्या दारात येऊन विचारायचा, ‘मैदान कुठल्या अंगाला?’ मला वाटलं, गंमत करतोय. गमतीची सवय मीच लावलेली ना. म्हणून मी मुद्दाम उलटी वाट दाखवायचो. आणि तो जायचा, बाई. खरंच जायचा.

हल्ली नदीपलीकडे असतो, दाराला बाहेरून कडी असते तसल्या जागी. तिथलं भागवायला घर विकणं आलं. रविवारी मिस वर्ना त्याला इथं माझ्या ओट्यावर आणून बसवते. दलालाची पाटी लागली त्या रविवारी मी आत लपून बसलो होतो, खोटं नाही सांगत. तो गाडीतून उतरला, पाटी वाचली, आणि माझ्या दाराकडे बघून ओरडला—‘हर्शेल! शुद्धलेखन सुधारलं की रे तुझं!’ मी काय करणार? बाहेर आलो, म्हटलं, ‘हो कोच, शाळेत नाव घातलंय.’ काय हसला! तेव्हापासून दर रविवारी हेच. बाकी सगळं विसरतो, बायकोला मॅडम म्हणतो, पण पाटी दिसली की माझं नाव बरोबर येतं तोंडात.

घर घ्या. खरंच घ्या, मिस वर्नाची सुटका होईल. फक्त पाटी काढू नका हो. गुलाबांत राहू दे, तुमचं काय जातंय? लोकांना सांगा, शेजारचा म्हातारा वेडा आहे. कुणी विचारणारसुद्धा नाही, सगळ्यांना माहीत आहे ते.

आज रविवारच ना—ही बघा, आलीच त्यांची गाडी. आता गंमत बघा. गप्प बसा. उतरला... टोपी काय मिरवतोय. आता पाटीपाशी थांबेल. थांबला. बघतोय... अहो कोच! अंगणात काय आहे बघा! कुणी लावली असेल बरं?

कोच?

...त्याला ऊन लागत असेल डोळ्यांवर. मिस वर्ना, त्याला जरा वळवा ना इकडे. मी हर्शेल, कोच. हर्शेल. शेजारचा—

बरं. बसा, सर. इथं सावलीत बसा.

ही किल्ली घ्या, बाई. जा, बघून या घर. साप-बीप काही नाही. आणि ती पाटी... काढा तुम्हाला हवी तेव्हा.