सायेबाची उडी

मारा ना मले! काऊन हासून राह्यले? दोन दिवसांपासून अख्ख्या गोंडपिपरीत हिंडून राह्यलो, एक मानूस थापड मारत नाई, उलटा गाल कुरवाळते… आता तुमालेच सांगतो, तुमी परगावचे, तुमी तरी खरं मानसान.

आमच्या इथी लाकूड कापाची मिल हाय, मी तिथी भुसा उचलतो, तिचं इंजन काळ्या जड तेलावर चालते, आन तेलाचे ड्रम सांभाळते मनसारामभाऊ, साठीचा मानूस, अक्षर वाचता येत नाई, पन खडूच्या खुनेवरून जड तेल इंजनाजवळ आन लवकर पेटनारं पातळ तेल थेट नाल्यापल्याड, अशी वाटनी पंधरा वर्सं करून राह्यला, एकदाई ठिनगी नाई!

थे वाटनी तपासाले चांद्याहून सायेब आला. पितळेची वाटी, वाटीत तेल, तेलात थर्मामीटर, खाली बत्ती… आन घडीघडी एक बारीक ज्योत वाटीवरून फिरवते! "दीडशे डिग्रीच्या आत भपका उठला, की तेल धोक्याचं. इंजिनापासून दूर!" आन नाक कुठी? वाटीत! मले सांगा, असं नाक पाहून कोनाचा हात गप राहीन? कंदिलातलं मातीचं तेल, एवढंसं… बरं, एवढं… टाकलो नमुन्याच्या शिशीत. कसम सांगतो, मले फक्त सायेबाले उडी मारताना पाहाचं होतं!

आन मारली हो! सव्वाशेलेच भप्प! सायेब मांगं, टोपी नालीत, मी भुशात लोळून लोळून हासलो… मंग मालकाचा आवाज आला. "मनसाराम! असलं तेल इंजनाजवळ? मिल जाळतो काय बे? चाबी ठेव, उद्यापासून येऊ नको!"

भाऊ करदोड्याले बांधलेली चाबी सोडाले गेला, गाठच सुटेना त्याच्यानं. पंधरा वर्साची गाठ… जाऊ द्या. मले फक्त सायेबाले उडी मारताना पाहाचं होतं ना!

धावलो. "सायेब, मातीचं तेल मी टाकलो!" सायेब चष्मा पुसून पाहाते. "तू याचा नातू?" "नाई." "पुतण्या?" "नाई जी!" "मग दुसऱ्याचा गुन्हा स्वतःवर घेतोस? शाबास!" अरे, काय शाबास! तिसरीत शाळा सोडली तवापासून हा शब्द कानावर नव्हता, आन आला त असा! मी म्हनलो, ड्रममधून नवं तेल काढून पाहा. काढलं. दीडशे गेले, एकशेसाठ गेले, भपका नाई… सायेब म्हने, "शिशीच खराब असेल." भाऊची नोकरी वाचली. आन मी? मी इमानदार झालो!

संध्याकाळी भाऊ घरी हजर, पानात मरळ मासा गुंडाळून. "वच्छलाबाई, तुमच्या लेकानं माह्या घरचा भात वाचवला," आन वाकून माह्या पायालेच हात! साठ वर्साचा मानूस, माह्या चिखलाच्या पायाले! मी बोंबललो, "भाऊ, मीच टाकलो! मले फक्त सायेबाले उडी…" "हाव बाबू, हाव," म्हने, "पाहा बाई, अजूनई माह्यासाठीच खोटं बोलून राह्यला," आन डोये पुसते!

माय त रडाले लागली. आमच्या घरी माशाचं डोकं बापाच्या ताटात जाते. त्या दिवशी माह्या ताटात आलं. बाप गुमान शेपटी चावून राह्यला, मी मान खाली घालून बसलो…

मंग काय करता? खाल्लो. रस्सा भल्ताच मस्त होता हो!