पयल्याच शब्दाले

नाई, कासरा असा मुठीत आवळून धरत नसतात, शकुन — ढिला ठेव, बैलाले वाटलं पायजे का आपनच चालून राहिलो. हां. अन् खाली मान घालून फिरू नको, चक्कर येते, पयल्या दिवशी मलेबी आली होती. बैल खांबाभोवती फिरतात, खांब फिरला का पट्टा फिरते, अन् पट्टा तिकडे छपरात लोखंडी रेचा फिरवते — इतलंच हाय. रेच्याच्या तोंडात कापूस द्याचा, सरकी खाली पडते, रुई मागून निघते. घरी चरखीवर आपन दिवसभर वटतो तेवढा कापूस हे बैल घटकाभरात वटतात. म्हनून तर मुंबईचे व्यापारी अकोल्यात येऊन बसले. सात समुद्रापार कुठंसी लढाई लागली म्हनतात, तिकडचा कापूस बंद झाला — आपल्याले काय, वेचनीले बाया पुरेनात एवढं खरं.

भेली काय तू? तुले रेच्यावर कोनी बसवत नाई, रेच्यावर मी हाव. मागच्या हंगामात तिथं आमच्या घरचे बसत, अन् बैलामागं मी — आता तू हायस तिथंच. त्याईले शिकवाले एक पारशी मिस्त्री आला होता, आठ दिवस राह्यला. बोटं दातापासून वीतभर दूर, कापूस गुतला तर हात घालाचा नाई, पयले बैल थांबवाचे — सारं शिकवलं त्यानं. हात चलाख होता आमच्या घरच्याईचा. अन् मले खुशालराव मुकादमानं एकच गोष्ट शिकवली — मी सांगतल्याबिगर बैल थांबवाचे नाई, मधातच थांबले का पट्टा उतरते, अर्धा दिवस जाते. वाईट मानूस नाई तो. कामाचं सांगे.

पुसाचा महिना होता, दुपार. दहिवरानं ओला झालेला कापूस दातात गुतला, अन् त्याईनं — आता काऊन घातला हात, सारं येत होतं त्याईले — सवय, दुसरं काय. बाही धरली रेच्यानं. त्याईनं आवाज दिला, ‘थांब.’ एकदाच. बैल थांबले तरी रेच्याचं चाक अखीन दोन फेरे घेते, हे ध्यानात ठेव, हेच सांगून राहिली मी तुले — पयल्याच शब्दाले थांबवाचे. मी थांबवले. थांबवले ना. पन तेवढ्यात कोपरालोक हात गेला होता.

कारंज्याहून वैद्य आनला. जखम सडली. माघ लागेलोक जगले. एक दिवस इचारलं त्याईनं, तुले आयकू नोयतं आलं काय? मी म्हतलं, पट्ट्याचा आवाज होता. त्याईनं मान हालवली, पानी मांगतलं.

आता पट्टा फिरूनच राहिला ना? अन् माह्यं बोलनं आयकू येते तुले. तसंच मलेबी आलं होतं.

मी पयले मुकादमाकडे पायलं. तो गाडीवाल्यासंगं बोलत होता, पाठ होती. त्यानं मान वळवली, हात केला, थांबव — तोबी थांबवच म्हनत होता, शकुन — तेवढ्यात बैल अर्धा फेरा चालले असतीन. अर्धा. जास्त नाई.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी रेच्यावर बसली. कापसाचा ढीग पडला होता, अन् त्याईचं पाहूपाहू मले येत होतं. बाया म्हनत, रड वं तानू, मोकळी हो. नाई आलं. अजूनबी नाई येत. हात चालतात, बस.

हे कोनाले सांगतलं नोयतं म्या. तुले तरी काऊन — काम शिकवाचं होतं, म्हनून. आता मुकादम येईन, तुलेबी तेच सांगन, त्याच्याबिगर थांबवाचं नाई. व्हय म्हन त्याले. अन् फिरताना कान माह्याकडे ठेव. त्याच्या तोंडाकडे पाहू नको.

असं काय पाहून राहिली? पाह्य, तुहे बैल थांबले. मी थांब म्हतलं नोयतं.

हाक.