राखीव गोलकीपरची आई

हॅलो?… नाही हो, मी आता कुठल्याच चॅनलशी बोलणार नाही. काल बोलले तेवढं पुरे झालं… कोण?… कुणाची आई म्हणालात?

अगंबाई! एक नंबरच्या गोलकीपरची? 'देशाची भिंत' म्हणतात त्याची? थांबा, थांबा, शिलाई मशीन बंद करते. टीव्हीही हळू करते… हां, बोला ताई.

पाहिलंत ना तुम्हीसुद्धा? सकाळपासून तेच दळण चाललंय. 'माझ्या मुलानं खेळू नये, खुद्द आईची इच्छा!' खाली लाल पट्टी…

अहो, ऐका ना, मी काय म्हणाले ते तरी ऐका. तो पोरगा माइक घेऊन आला. आधी म्हणे, काकू, कप उचलल्यासारखं करा. माझ्या घरात कप आहेत ते चहाचे, तेही कान तुटलेले. मग फुलदाणी दिली हातात. उचलली. म्हणे, आता रडा. म्हटलं, का रे बाबा? तर म्हणे, आनंदानं!… हसा, हसा. मीही हसले होते, तेवढं बरोबर कापलं.

मग विचारतो, मुलगा मैदानात उतरावा म्हणून देवाकडे काय मागता? म्हटलं, माझा बारक्या तिसरा गोलकीपर. पुढचे दोघं जायबंदी झाले तर त्याची पाळी. त्यापेक्षा त्यानं न खेळलेलंच बरं. त्या दोन्ही लेकरांचे हातपाय शाबूत राहोत, एवढंच मागते. मागचं पुढचं सगळं गाळलं मेल्यांनी, मधलं तेवढं दाखवलं.

…हो, रोज. तुमच्याचा तर डावा गुडघा, अगदी नाव घेऊन सांगते देवाला. मागे दुखावला होता तोच ना?… ताई… अहो, डोळे पुसा बघू आधी.

नाही हो, लोकांचं मला काही नाही. इथे तर सगळ्यांनी कप आणून ठेवल्यातच जमा आहे. दाताचा डॉक्टर माझी दाढ उपटताना विचारतो, फायनलला किती गोल? तोंडात त्याची पक्कड, मी काय सांगणार! शेजारच्यांनी मिरवणुकीचा सदरा शिवायला टाकलाय. बाजारात तुरी! पहिली मॅच तर आज व्हायचीय… मागच्या वेळी? हो ना, गेले तसे परत आले. आणि रांग लागलीय ती एक नंबरची जर्सी आवळून द्या म्हणून. माझ्या बारक्याचा नंबर कुणी आणत नाही… नाही, नाही, वाईट वाटून नाही म्हणत.

माझी काळजी वेगळीच आहे. कालपासून त्याचा फोन लागत नाही. चारचौघांत पोराला काय वाटलं असेल? आईलाच आपला भरवसा नाही, असं?…

काय?… तुमच्या मुलाचा निरोप?… जेवताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं? मग? बारक्या काय म्हणाला?… पुन्हा सांगा… 'आई माझ्याच मनातलं बोलली'?… असं म्हणाला?… आणि फोन?… बर्फाच्या पाण्यात पडला? तुमच्या मुलाच्या गुडघ्याला बर्फ लावताना?… रोज तोच लावतो? मला कधी बोलला नाही हो!

अहो, मग दुसऱ्याच्या फोनवरून करायचा… नंबर पाठ नाही? जन्मदात्या आईचा?… मग तुम्हाला कुठून… त्या माइकवाल्याकडून? चला, एक तरी पुण्य लागलं त्याच्या गाठीला!

आता मात्र खरंच रडू आलं. आत्ता यायला हवा होता तो माइकवाला.

'राखीव, राखीव' म्हणतात ना माझ्याला, ते टोचायचं फार. पण राखीव म्हणजे काय हो, ताई? राखून ठेवलेला. माणूस चांगलं तेच राखून ठेवतो. तुमचा दोन खांब राखतो, माझा तुमच्याला राखतो, आणि तो वरचा आपल्या दोघींचीही लेकरं राखतो. झालं!… घरी काय म्हणता तुम्ही त्याला?… गुंड्या? देशाची भिंत, आणि घरी गुंड्या!

थांबा, थांबा, मैदान दाखवतायत… कसलं काय! पुन्हा ते चौघं सूटवाले. किती तो पूर्वरंग, अरे कथेला लागा! सराव दाखवा ना, माझ्याला तेवढंच मैदान… तुमच्याकडे दिसतंय? कुठलं चॅनल?… लावते, लावते…

आला! तुमचा गोलात, आणि समोरून चेंडू मारतोय तो माझा! केस कापलेत वाटतं… अडवला! काय अडवला हो गुंड्यानं!… आणखी एक… अरे, हळू मार की, देशाची भिंत आहे ती!

हसतोय. पाहिलंत ना? हसतोय तो.

…गेले आत? हो… झाली बघा ताई, माझ्या बारक्याची मॅच. छान खेळला. आता तुमच्याची. ठेवते मी फोन… हात जोडायचे म्हणजे दोन्ही मोकळे लागतात.