पट्टी चुकली होती

अहो, हात नका लावू त्या काचेला! —ठेवा खाली, कडेला धरून ठेवा— बोटाचा ठसा उमटला की पुसत बसायचं मी, तुम्ही नाही. वकील ना तुम्ही? मग तुमचे कागद चाळा. आणि बसायचंच असेल तर त्या खुर्चीवर बसा, ही माझी आहे. हं, काय म्हणत होता? 'मॅडम, फक्त एक वाक्य.' उद्या तळ्याच्या बंदीचा निर्णय करणाऱ्या समितीपुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, पट्टी चुकली होती. बस्स. मग मच्छीमार संघाचं बाकीचं तुम्ही बघून घेणार. आणि वर मलाच विचारताय, हे खोटं आहे का म्हणून! नाही हो, खोटं कसं असेल? चुकलीच होती पट्टी. चूक मीच काढली ना शोधून. पण पट्टी म्हणजे काय, ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला? —नाही. वाटलंच. मान हलवायची पद्धत मात्र छान आहे तुमची, कोर्टात खपत असेल.

इकडे या. पडद्यावर काय दिसतंय? —कांदा? धन्य आहे. माशाच्या कानातला खडा आहे हा, कापून, घासून पातळ केलेला. दर वर्षी त्यावर एक थर चढतो, झाडाच्या खोडात वर्तुळं असतात ना, तसा. मासा धड वाढला तर थर रुंद, नाही वाढला तर अरुंद. मायक्रोस्कोपखाली ठेवायचा, फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर मधल्या ठिपक्यापासून बाहेर रेघ ओढायची— सॉफ्टवेअर सांगतं रेघ किती लांब. पण कशात सांगतं? पिक्सेलमध्ये. ठिपक्यांत. त्या बिचाऱ्याला मिलिमीटर कुठं ठाऊक! ते आपण शिकवायचं. आत्ता तुम्ही जी काच चिवडत होता ना, तिच्यावर एक मिलिमीटरची पट्टी कोरलीय. तिचा फोटो काढायचा, तिच्यावर रेघ ओढायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, बाबा रे, एवढे ठिपके म्हणजे एक मिलिमीटर. मग ते तसंच धरून चालतं. तुम्ही लेन्स बदला, कॅमेरा बदला, मध्ये नुसती एक नळी घाला— त्याला पत्ता नसतो, पुन्हा शिकवलं नाही तर जुनंच घोकत राहतं. माणसांसारखंच आहे. तुमच्या त्या संघासारखं.

तर आमचे साहेब, या प्रयोगशाळेचे प्रमुख. तळ्यावरचे लोक त्यांना काचवाला म्हणतात, सारखा डोळा काचेला लावलेला म्हणून. होडीत कधी पाय नाही ठेवला माणसानं, उलटी होते म्हणे. नवा कॅमेरा आला, त्याच्याबरोबर बसवायची नळी वेगळी आली, ती यांनी स्वतः बसवली— मला विचारायचं नाही, मी इथली दुसऱ्या नंबरची शास्त्रज्ञ, मी काय सांगणार यांना!— आणि पट्टी पुन्हा मोजायची विसरले. विसरले! तीन-चार महिने बसून शेकडो खडे मोजले आणि जाहीर केलं की तळ्यातला मासा खुरटतोय, पूर्वी दोन वर्षांत व्हायचा तेवढा आता तिसऱ्या वर्षीही होत नाही, लहानपणीच जाळ्यात ओढताय तुम्ही त्याला. झालं. तळं बंद. होड्या काठावर पालथ्या. त्यात एक माझ्या भावाची.

—हो, भाऊ. का, माहीत नव्हतं? चांगले वकील आहात. मी त्याच तळ्यावरची आहे हो. माझ्या वडिलांची जाळी मी विणलीयेत, हे हात असे उगाच नाही झाले. वडील गेल्यावर दादानं होडी धरली आणि मला शिकायला पाठवलं. तर तळं बंद झालं आणि दादा रोज इथं यायला लागला, तुम्ही बसलाय तिथंच बसायचा, ओले पाय घेऊन. म्हणायचा, तुझ्या काचवाल्याला मासा ताटात तरी ओळखू येतो का? माझ्या हाताला मासा रोज लागतो, मला कळत नाही लहान-मोठा? तू एकदा बघ ना. बघ ना एकदा! —त्याला काय कळतंय. जाळ्याचं भोक लहान करत गेले हे लोक दर वर्षी, मग टोपली भरतेच, आणि मासा दर वर्षी जरासाच लहान, यांना नेहमीसारखाच वाटणार. मी सांगायची, तो उठून जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी सुट्टीच्या दिवशी मी इथं आले, काच ठेवली, फोटो काढला, एक मिलिमीटरवर बरोब्बर रेघ ओढली— आणि सॉफ्टवेअर म्हणतं, पाऊण! पुन्हा ओढली. पाऊण. मला एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता, खरं सांगते. प्रत्येक माशाचा पाव भाग साहेबांनी खाल्ला होता! दादाला फोन केला. म्हटलं, दादा, पट्टी चुकलीय. तो म्हणाला, म्हणजे मासा मोठाय? म्हटलं, म्हणजे आकडा चुकलाय, थांब, मला अजून— तो म्हणाला, तेच ते, आणि ठेवला फोन. ठेवला! वाक्य पुरं ऐकायची सवयच नाही त्यांच्यात कोणाला. तुमच्यात तरी कुठंय.

साहेबांना घरून बोलावून घेतलं. आले, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली. दाखवलं. पांढरेफटक पडले. मला वाटलं आता सारवासारव करतील, मी तयारीतच होते, काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. तर स्टुलावर बसले आणि एवढंच म्हणाले, "आणि जुने खडे?" —बस्स. ते कपाट बघा, त्यात जुन्या काळापासूनचे खडे जपून ठेवलेत, आणि या गृहस्थानं तुलना करताना जुने आकडे वहीतून उचलले नव्हते, सगळे जुने खडे पुन्हा काढून नव्यांच्या बरोबरीनं मोजले होते. त्याच कॅमेऱ्यानं. त्याच चुकलेल्या पट्टीनं. म्हणजे जुनाही पाऊण, नवाही पाऊण. पट्टी सुधारा, दोघंही वाढतात. फरक तसाच राहतो. मी पट्टी नीट लावली आणि काढून ठेवलेल्या फोटोंवर सगळं पहिल्यापासून मोजलं, दोन-तीन दिवस, डोळे चुरचुरेपर्यंत, एक तरी खडा माझ्या बाजूनं बोलेल म्हणून. एक नाही. मासा खुरटलाच होता. चूक केली आणि तरी बरोबर निघाला माणूस! दुसऱ्याच दिवशी स्वतःची चूक छापायला धाडून मोकळा. याबद्दल मी त्यांना कधी क्षमा करणार नाही.

दादाचा फोन लागेना. मी बस धरून तळ्यावर गेले. काठावर बर्फ ठेवायची शेड आहे ना, तिथं अख्खी वस्ती जमलेली, होड्या सरळ केलेल्या, डांबराचा वास सुटलेला, जाळी बाहेर— सकाळी तळ्यात उतरायचं ठरलेलं. आणि दादा खोक्यावर उभा राहून सांगतोय, माझ्या बहिणीनं पकडली चोरी, माझ्या बहिणीनं! मला बघितलं तर एवढा हसला. म्हटलं, दादा, खाली उतर. कानात सांगितलं. म्हणाला, "आत्ता नको." म्हटलं, उद्या जाळी टाकाल. म्हणाला, "घरी चल. वहिनी वाट बघतेय. घरी बोलू." त्याला कळलं होतं हो! तोंड बघूनच कळलं होतं त्याला. मग मी चढले खोक्यावर. म्हटलं, शिंप्याचा टेप आखूड निघाला म्हणून धाकटा भाऊ थोरल्यापेक्षा उंच होत नाही, दोघांना त्याच टेपनं मोजलंय. कोणीतरी ओला दोर फेकून मारला, इथं लागला, खांद्याला. कुणी म्हणालं, काचवाल्यानं विकत घेतली. दादा वळला आणि त्यानं स्वतःची होडी पालथी केली. एकट्यानं. चार माणसांचं काम आहे ते. मी हात लावायला गेले तर म्हणाला, "राहू दे."

एवढंच. 'राहू दे.' त्यानंतर आमचं बोलणं नाही. मला काही फरक पडत नाही! माणसाला साधी गोष्ट कळत नसेल तर मी काय करू? आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलतो, या वयात. कंबरेला पट्टा बांधतो, डावा पाय ओढतो थोडा— मला कसं माहीत? रस्त्यात दिसतो. कामावरून घरी जाताना. —घर? घर इथं मागेच आहे, या भिंतीला लागून. मग काय झालं? माणूस पाय मोकळे करायला जात नाही का कुठं?

आणि हे बघा, आलाच आहात तर. या वर्षीचा खडा. हा बाहेरचा थर बघा, आणि हा आतला. बाहेरचा रुंद आहे की नाही? तुमच्या डोळ्यांनासुद्धा दिसायला हवं. मासा वाढायला लागलाय. अजून एक-दोन वर्षं कळ काढली तर तळं खुलं होईल, नीट, कायमचं. आणि तुम्हाला आत्ताच हवंय, माझ्या एका वाक्यावर. म्हणजे पोरसवदा मासा पुन्हा टोपलीत. नाही जमायचं. बोलावलंत तर येईन मी उद्या, पट्टी चुकली होती तेही सांगेन, पण पुढचंही सांगेन, तुम्ही थांबवलंत तरी सांगेन. जा, तुमच्या संघाला म्हणावं, बाई आडमुठी आहे. म्हणावं, आपल्याच माणसांच्या मुळावर उठलीय. नाहीतरी म्हणतातच.

—काय? कोण म्हणालं? बर्फाच्या कारखान्यातला, कंबरेला पट्टा बांधलेला माणूस?

दादा? तुम्ही त्याला भेटलात? कधी? —आणि तोच माझा भाऊ हे आत्ता कळलं तुम्हाला, मला एवढं सगळं बोलायला लावून! काय म्हणाला? नाही, तसं नको, नीट सांगा, त्याच्या शब्दांत सांगा. 'तिच्याकडे जाऊ नका.' बरं. 'ती अर्धं बोलायची नाही.' ...असं म्हणाला? रागानं म्हणाला? —हसून? हसून म्हणाला.

नाही, काही नाही. डोळ्यात काहीतरी गेलंय, या दिव्याखाली सारखं होतं तसं. तुम्ही निघा आता. अहो, निघा म्हणते ना! आणि दार ओढून घ्या.